नागावच्या किनाऱ्यावरच्या घोड्याला पोटशूळ झाला, तर ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही, बहुतेक घोडे वेदनाशामक इंजेक्शन आणि नाकातून नळीने दिलेल्या औषधावर बरे होतात. पोट उघडावं लागतं ते आतड्याला पीळ पडला किंवा ते पूर्ण अडलं तरच. मी घोड्यांवर उपचार करतो. किनाऱ्यावर मला पहिली शंका वाळूची येते, कारण जमिनीवर टाकलेल्या गवताबरोबर ती पोटात जाते. ताजी लीद पाण्यात कालवून ठेवा, तळाशी वाळू बसते का बघा. (बसली नाही म्हणजे पोटात नाहीच, असं मात्र नाही.) पण इंजेक्शननंतरही घोडा लोळतच राहिला, नाडी मिनिटाला ६०च्या वर टिकली, तर वाट बघू नका. पीळ पडलेलं आतडं काही तासांत मरतं, आणि टेम्पोत चढवून मुंबई-पुण्याला न्यायलाच बराच वेळ जातो.