दंड कमावले, तरी चेंडू लांब का जात नाही?

व्यायाम करून दंड-खांदे भक्कम केले, तरी थ्रो पूर्वीइतकाच जातो आणि वर कोपर दुखायला लागलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी थ्रो शिकवतो. अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी त्याचा पुढचा पाय बघतो, हात नंतर.

उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय. तो टेकल्यावर गुडघा दबत गेला, तर धावत आणलेला वेग तिथेच विरतो. पाय रोवला गेला पाहिजे. गाडीला करकचून ब्रेक लागला की आतली माणसं पुढे फेकली जातात, तसं इथे होतं: पाय थांबतो, त्याच्यावर कंबर फिरते, मग छाती, मग खांदा, कोपर, मनगट. हा क्रम चुकला की कितीही ताकद लावा, उपयोग नाही.

यातला सगळ्यात सुंदर क्षण डोळ्यांना दिसतही नाही. छाती समोर वळते तेव्हा चेंडूचा हात अजून मागेच असतो. दंड मागे पिळला जातो, इतका की कोपरापुढचा हात जवळजवळ आडवा होतो आणि तळहात आभाळाकडे वळतो. खांद्याभोवतीचे स्नायू, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर), लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) ताणले जातात. तो ताण सुटला की दंड उलटा फिरतो. बेसबॉलच्या निष्णात पिचरमध्ये, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूमध्ये, हा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास असतो. खांद्यातली ही साठवण माणसाच्या फेकीचं मर्म आहे, असं संशोधक नील रोच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. चिंपांझी एवढा ताकदवान, पण त्याला असं फेकता येत नाही.

तुम्ही दंडाने चेंडू ढकलताय, असा माझा अंदाज आहे. ढकललं की हात लवकर पुढे येतो आणि ताण साठतच नाही. शिवाय पाय टेकायच्या आधीच छाती उघडली, तर कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर जादा भार येतो.

मोबाइलवर बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि पाय टेकतो तिथे थांबवा. छाती अजून बाजूलाच वळलेली हवी, समोर नाही; कोपर खांद्याच्या रेषेत हवं. चेंडू सुटल्यावर हात मध्येच थांबवू नका, विरुद्ध मांडीपर्यंत जाऊ द्या; त्याला आवरण्याचं काम खांद्यामागच्या छोट्या स्नायूंना करावं लागतं, तेव्हा व्यायामात त्यांनाही धरा.

पण दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला असेल, तर हे सगळं नंतर. आधी फेकणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.