तुमच्या गावचा दुतोंड्या कुठाय?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, राहणार इंदिरानगर, नाशिक. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतली आहे. गणपतीनंतर चिपळूण, गुहागर करून कुंभार्ली घाटाने वर चढायचं आणि शिरोळ-नृसिंहवाडीकडून परतायचं, असा बेत आहे. मुक्काम गाडीतच, शक्यतो पाण्याच्या काठी. पूर येऊन गेलेल्या गावांसाठी घरातले जुने कपडेही नेतोय. काय काळजी घ्यावी?

उत्तर : बेत झकास आहे, फक्त त्यातली ‘पाण्याच्या काठी’ ही ओळ खोडा.

तुम्ही नाशिकचे, म्हणजे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पहिला प्रश्न काय येतो हे तुम्हाला सांगायला नको. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? आपल्याला क्युसेकचे आकडे कळत नाहीत, मारुती कळतो. असा दुतोंड्या प्रत्येक नदीकाठच्या गावाला असतो, फक्त तो परक्याला दिसत नाही. कुठे शाळेची पायरी, कुठे पिंपळाचा पार. गाडी लावण्याआधी टपरीवर चहा घ्या आणि विचारा, ‘एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं हो?’ 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्या दिवसाची खूण तिथलं शेंबडं पोरही दाखवील. शिरोळकडे 2019 साल विचारा. त्या खुणेच्या वरच गाडी लावायची.

खाडीकाठी आणखी एक गंमत. नदीला पाणी नसलं तरी भरती येतेच. मी एसटीच्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं काढली, यंत्रातलं कळतं असा माझा तोरा. एकदा गुहागरच्या बाजूला खाडीलगत माडाखाली आमची गाडी लावली. संध्याकाळी एक आजोबा येऊन म्हणाले, ‘गाडी वर घ्या हो, आज आवस आहे.’ मी नुसतं हसून मान हलवली. रात्री अकराच्या सुमारास चप्पल तरंगत पायरीशी आली! गाडी निघाली, पण खारं पाणी चाकांच्या बेअरिंगपर्यंत गेलेलं. ते गोड्या पाण्याने लगेच धुवायचं, हे मला ठाऊक असून आळस केला. आठवड्याने हँडब्रेक जाम. कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. पंचमीला पावणेचार, अनंत चतुर्दशीला साडेदहा, ही साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमा-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. कालनिर्णय गाडीत ठेवा.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाणार असाल तर गाडी भरतीच्या सुमारास चढवा. ओहोटीला उतार खडा होतो आणि आपल्या गाडीचं मागचं लांब बूड घासतं.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. पुढची एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. दोन फूट वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं, आणि कॅरव्हॅनची बाजू म्हणजे भिंतच. महाडजवळ सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, त्यात आमच्या दोन बस गेल्या. त्या रात्रीनंतर मी कुणाच्या मागोमाग पाण्यात गाडी घातलेली नाही. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आसनं काढून पलंग-ओटा बसवलाय, तो बदल आरटीओकडून आरसीत चढवून घेतलाय ना? नसेल तर आधी ते. नाहीतर विमावाले हात वर करतील.

आता कपडे. नका नेऊ. 2019 नंतर शिरोळ तालुक्यात आम्ही गेलो, तेव्हा रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे भिजलेले ढीग होते, त्यात जरीचा ब्लाउज आणि एकाच पायाचा मोजा. ज्या घरात गुडघाभर गाळ आहे तिथे खराटा, फावडं, फिनेल, ताडपत्री लागते. तेही आधी ग्रामपंचायतीत फोन करून विचारून न्या. पूर ताजा असेल तर गावात गाडीच घालू नका, त्या अरुंद रस्त्यावरून टँकरला जायचं असतं. आणि कुणाच्या पडक्या घरासमोर खुर्च्या मांडून चहा करत बसू नका. आम्ही बसलो होतो. समोरच्या बाईंनी काही न बोलता ओसरीवर ओल्या वह्या वाळत घातल्या. बायकोने शेगडी बंद केली आणि वह्या पसरायला गेली. मी खुर्च्या घडी करून मागे टाकल्या.