नकाशावरचं प्रमाण असतं लांबीचं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: आमच्या शेताच्या मोजणी नकाशावर १:१००० असं प्रमाण आहे. एक तुकडा नकाशावर ५ सेमी लांब आणि ४ सेमी रुंद भरतो. मुलानं २० ला १००० नं गुणून २०,००० चौरस सेमी उत्तर काढलं. पण हा तुकडा तर वीस गुंठ्यांच्या आसपास आहे. चूक कुठं झाली? (पालक, परभणी जिल्हा)

२०,००० चौरस सेमी म्हणजे अवघे २ चौरस मीटर. एक बाज टाकली की जागा संपली. उत्तर आलं की ते डोळ्यांसमोरच्या शेताशी ताडून बघायचं, ही सवय तुम्ही घरात लावताय याचा मला फार आनंद आहे.

१:१००० हे नातं फक्त लांबीचं आहे, क्षेत्रफळाचं नाही. नकाशावरचा १ सेमी म्हणजे शेतातले १० मीटर. म्हणून आधी बाजू बदलून घ्यायच्या: ५० मीटर आणि ४० मीटर. गुणाकार त्यानंतर: २००० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत २० आर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटरपेक्षा किंचित मोठा, त्यामुळे गुंठ्यांत हे १९.८ च्या जवळपास येतं. थेट क्षेत्रफळालाच गुणायचं असेल तर हजारानं दोनदा गुणावं लागतं.

या प्रमाणात आणखी एक सोय दडलेली आहे. नकाशावरचा १ चौरस सेमी म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, बरोबर १ आर. तुकडा वेडावाकडा असला तर त्यावर आलेख कागद ठेवा, उजेडाकडे धरा आणि मुलाला १ सेमीच्या चौकटी मोजू द्या. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट धरायची, कमी भरलेली सोडायची. जितक्या चौकटी, अंदाजे तितके आर.

प्रश्न: १:१०,००,००० मधली संख्या मोठी दिसते म्हणून आठवीतली मुलं त्याला बृहत्प्रमाण म्हणतात. कसं समजावू? (भूगोल शिक्षिका, लातूर)

प्रमाण अपूर्णांकासारखं वाचायला लावा. दहा लाखांश हा दहा हजारांशापेक्षा लहानच. मग त्यांच्याकडून हे करून घ्या: लातूर ते नांदेड सरळ रेषेत साधारण ११५ किमी आहे. १:१०,००,००० च्या नकाशावर ही रेघ ११.५ सेमीची येईल, वहीच्या पानात सहज बसेल. १:१०,००० वर तीच रेघ ११.५ मीटरची होईल. मुलांना ती व्हरांड्यात खडूनं ओढू द्या. कोणतं प्रमाण मोठं, हे त्यांना परत सांगावं लागणार नाही.

प्रश्न: मी दौलताबादच्या चाँद मिनारचा ६४ सेमी उंच भरीव नमुना केला. त्याला ३ किलो शाडू माती लागली. प्रदर्शनासाठी उंची दुप्पट करायची म्हणून ६ किलो आणली, पण ती अर्ध्यालाही पुरली नाही. (नववीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

खरा मिनार सुमारे ६४ मीटरचा, म्हणजे तुझा नमुना १:१०० चा होता. आता तो १:५० चा होतोय. आकार तोच राहायचा तर उंचीबरोबर घेरही दुप्पट करावा लागतो. माती तिन्ही दिशांना वाढते: २ × २ × २ = ८ पट, म्हणजे २४ किलो. रंग मात्र पृष्ठभागालाच लागतो, म्हणून तो चौपट. दहावीत तू शिकशील की समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. ही चौपट तिथलीच.

२४ किलोचा भरीव मिनार मात्र करू नकोस. वाळताना तडकेल आणि बाकावरून कलंडला तर कुणाच्या तरी पायावर पडेल. आत प्लॅस्टिकचा पाइप उभा करून वरून मातीचा थर दे. लहान आणि मोठा असे दोन्ही नमुने पोकळ केलेस आणि थराची जाडी एकच ठेवलीस, तर मोठ्याला लहानाच्या सुमारे चौपटच माती लागेल. असं का, हे प्रदर्शनातल्या तक्त्यावर जरूर लिही.

प्रश्न: ए-फोर कागदावरचा जिल्ह्याचा नकाशा झेरॉक्स करून ए-थ्री केला. खाली ‘१ सेमी = ५ किमी’ तसंच छापून आलं. ते चालेल का? (दहावीचा विद्यार्थी, धाराशिव)

नाही. ए-थ्री कागद क्षेत्रफळानं दुप्पट असतो, म्हणून लांबी दोनच्या वर्गमुळाएवढी, १.४१ पट वाढते. झेरॉक्सवाले १४१ टक्के ठेवतात ते यामुळेच. आता १ सेमी म्हणजे ५ भागिले १.४१, साधारण साडेतीन किमी. जुनं शब्दप्रमाण खोडून नवं लिही. नकाशावर रेषाप्रमाण, म्हणजे अंतरं दाखवणारी आखलेली पट्टी, असेल तर त्याला हात लावू नकोस. ती पट्टी नकाशाबरोबर तेवढीच ताणली गेली आहे, म्हणून ती अजूनही बरोबर आहे. मोबाइलवर बोटांनी नकाशा मोठा केलास तरी हेच लागू पडतं.