बंद पडणारा संगणक आणि कमी पडणारा संगणक

प्रश्न : २०१७ च्या अखेरीस मी सुटे भाग आणून गेमिंगसाठी संगणक जोडला. त्यात रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोजपुरती लहान एसएसडी, गेम ठेवण्यासाठी १ टीबीची हार्ड डिस्क आणि ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. गेल्या काही महिन्यांपासून गेम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत संगणक एकाएकी बंद होतो. शिवाय नवे गेम अडखळत चालतात. दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ म्हणतात, यात आता पैसे घालू नका, सगळा नवा घ्या. मित्र म्हणतो, फक्त ग्राफिक्स कार्ड बदल. कोणाचे ऐकावे? — एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तंत्रज्ञ व मित्र या दोघांनीही त्या एकच समजून सल्ला दिला आहे. संगणक बंद पडणे हा बिघाड आहे, तर नवे गेम अडखळणे ही वयोमानाने आलेली अपुरी ताकद आहे. बिघाड कोठे आहे हे कळण्यापूर्वी नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि दोष पॉवर सप्लायमध्ये निघाला, तर ते कार्डही त्याच बिघडलेल्या सप्लायवर चालेल. संगणक पूर्वीसारखाच बंद पडत राहील आणि तुम्ही विनाकारण नव्या कार्डावर संशय घेत बसाल. म्हणून खरेदीचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा.

विंडोजचा बिघाड दाखवणारा निळा पडदा किंवा कोणताही संदेश न येता वीज गेल्यासारखा संगणक बंद होत असेल, तर संशयित मुख्यतः दोन : अति तापमान आणि पॉवर सप्लाय. (विंडोजच्या नोंदींमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही ओळ दिसली की अनेक जण तेच निदान समजतात, संगणक नीट बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.) एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम तापमानाची क्षणाक्षणाची नोंद फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. ती नोंद चालू ठेवून गेम खेळा आणि संगणक बंद पडल्यावर शेवटच्या ओळी पाहा. तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. तापमान चढत चढत त्या मर्यादेशी पोहोचले असेल, तर कूलरमध्ये साठलेली धूळ, मंदावलेला पंखा किंवा प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारी, पण वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट यांपैकी काहीतरी कारण असणार आणि दुरुस्ती जवळजवळ फुकटात होईल. तापमान सत्तरच्या आसपास असतानाच संगणक बंद पडला असेल, तर रोख पॉवर सप्लायकडे वळतो.

त्याची खात्री करण्याची एक साधी रीत आहे. केवळ प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी अर्धा तास चालवावी, मग केवळ ग्राफिक्स कार्डावर भार टाकणारी, आणि शेवटी दोन्ही एकाच वेळी. सुट्या चाचण्या पार पडून एकत्र चाचणीत संगणक बंद पडला, तर वाढलेला भार सप्लायला पेलवत नाही, असे मानायला हरकत नाही. बंद पडल्यावर कॅबिनेटवरचे बटण दाबूनही तो सुरू होत नसेल आणि सप्लायच्या मागचा खटका बंद करून थोड्या वेळाने लावल्यावरच सुरू होत असेल, तर सप्लायमधील संरक्षक यंत्रणा काम करते आहे, हा त्याहून बोलका पुरावा होय. मात्र त्यापूर्वी भिंतीतील सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाला जाणारी केबल सैल नाही ना, हे पाहून घ्यावे. संशय पक्का करण्यासाठी ओळखीच्या कोणाचा चांगला सप्लाय एक दिवस उसना मिळाला, तर त्यासारखे उत्तम नाही.

सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात. हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने झिजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. धुळीने कोंडलेल्या कॅबिनेटमध्ये इतकी वर्षे राबलेला सप्लाय दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच योग्य. नवा घेताना ‘८० प्लस’ शिक्क्याच्या ब्राँझ, गोल्ड अशा रंगांना भुलू नका, तो शिक्का विजेचा अपव्यय किती कमी होतो ते दाखवतो, घडण किती भक्कम आहे ते नव्हे. नवा सप्लाय सुट्या केबलांचा असेल, तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबला वापरा. सप्लायच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि जुन्या केबला ‘बसतात तर आहेत’ म्हणून जोडल्यामुळे चांगल्या एसएसडी आणि हार्ड डिस्क जळाल्याची उदाहरणे आहेत.

आता ताकदीचा प्रश्न. ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे की प्रोसेसर, हे गेमलाच विचारता येते. अडखळणाऱ्या गेमचे रेझोल्यूशन बरेच खाली आणा. दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची संख्या झपाट्याने वाढली, तर अडसर कार्डाचा होता. फारसा फरक पडला नाही, तर प्रोसेसरचा. खेळताना ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असणे हीही पहिल्या शक्यतेची खूण. सरासरी फ्रेम ठीक असूनही मधूनच झटका बसत असेल, तर गेम हार्ड डिस्कवर आहे हे आठवा. फिरत्या चकत्यांची डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबीच्या आसपास वाचते आणि विखुरलेल्या फाइली वाचताना तर अगदीच रेंगाळते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. मोठ्या मोकळ्या जगाचे नवे गेम एसएसडी गृहीत धरूनच बनतात. म्हणून माझ्या मते तुमचा पहिला खर्च मोठी एसएसडी हा असावा. ती वाया जाण्याचा प्रश्नच नाही, पुढच्या संगणकातही ती जाईल.

तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जीटीएक्स १०६० हे २०१६ चे कार्ड आहे आणि त्याची अडचण केवळ वेगाची राहिलेली नाही. त्या पिढीला निव्हिडियाचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळाले. पुढे फक्त सुरक्षेची अद्यतने मिळत आहेत. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम : द डार्क एजेस’ यांसारख्या गेमना रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याची) हार्डवेअर सोय असलेले कार्डच लागते, तेथे सेटिंग कितीही खाली आणून भागत नाही. मात्र कार्ड निवडताना तुमच्या बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या जुन्या, ३.० आवृत्तीचा आहे, हे विसरू नका. काही स्वस्त कार्डे माहितीची ने-आण करणाऱ्या सोळाऐवजी आठ किंवा चारच मार्गिका वापरतात. आठ मार्गिकांच्या कार्डाचे जुन्या स्लॉटमध्ये सहसा थोडेच नुकसान होते. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चार मार्गिकांचे कार्ड अशा स्लॉटमध्ये चांगलेच मार खाते.

मित्राचे राहिलेले अर्धे चुकते ते प्रोसेसरपाशी. पहिल्या पिढीचा रायझन आजच्या मध्यम कार्डालाही पुरेसे काम पुरवू शकत नाही. येथे तुमचे नशीब चांगले आहे. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) रायझन बनवणाऱ्या एएमडीने अनेक वर्षे नवे प्रोसेसर आणले आणि २०२२ मध्ये बी३५० सारख्या जुन्या बोर्डांनाही रायझन ५००० मालिकेची दारे उघडली. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहा. त्यात रायझन ५ ५६०० असेल, तर बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तेवढा एक भाग बदलला की तीच रॅम, तोच बोर्ड आणि तेच कॅबिनेट चालू राहते. यात आणखी एक लाभ दडलेला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझन ५ १६०० नाही, पण ५६०० आहे. प्रोसेसर बदलून बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयी चालू केल्या की तोही प्रश्न सुटतो.

क्रम मात्र चुकवू नका. बायोस जुना प्रोसेसर असतानाच अद्ययावत करावा लागतो, आणि त्या काही मिनिटांत वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि कूलर सरळ वर न ओढता आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरसकट सॉकेटमधून उपटून काढते. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. वाकलेल्या चार पिना सरळ करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

तुमच्या तंत्रज्ञांचा सल्ला कधी खरा ठरेल? बोर्डाच्या यादीत नवा प्रोसेसर नसेल, किंवा तपासणीत बोर्डच सदोष निघाला तर. अशा वेळी मी खर्चाची विभागणी करून पाहतो. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि चांगला पॉवर सप्लाय हे पुढच्या संगणकात नेता येणारे भाग. प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर४ रॅम हे बहुतांशी येथेच अडकणारे, कारण एएमडीच्या पुढच्या, एएम५ सॉकेटच्या बोर्डांना डीडीआर५ च लागते. न नेता येणाऱ्या भागांवरचा खर्च नव्या प्रोसेसर-बोर्ड-रॅम या त्रयीच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ लागला, की जुन्यात गुंतवणूक थांबवावी. तुमच्या बाबतीत तो आकडा एका प्रोसेसरपुरता, म्हणजे या मर्यादेच्या बराच खाली आहे.

प्रश्न : माझ्या संगणकात इंटेलचा आय७-४७९०, १६ जीबी डीडीआर३ रॅम आणि जीटीएक्स ९७० आहे. आता बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. मदरबोर्ड गेला असून वापरलेला मिळू शकेल, असे सांगण्यात आले. घ्यावा का? — एक वाचक

उत्तर : बोर्ड गेला, हे आधी सिद्ध होऊ द्या. तुमच्या प्रोसेसरमध्ये अंगचेच ग्राफिक्स आहे. ग्राफिक्स कार्ड पूर्ण काढून मॉनिटरची केबल बोर्डावरच्या जोडणीला लावा. चित्र आले तर दोष कार्डात किंवा त्याच्या स्लॉटमध्ये आहे. न आल्यास रॅमची एकेक पट्टी पाळीपाळीने लावून पाहा, आणि वायर काढून बोर्डावरची सीआर२०३२ बटणबॅटरी बदला, म्हणजे बायोसची चुकीची सेटिंगेही पुसली जातील.

इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर वापरलेला बोर्ड घेऊ नये, असे माझे मत आहे. तो तुमच्या बोर्डाच्याच वयाचा असणार, त्या सॉकेटवर आय७-४७९० पेक्षा फारसे वर जायला जागा नाही, डीडीआर३ रॅम पुढे कोठे चालणार नाही, विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि ९७० ची ड्रायव्हरची स्थिती वर सांगितलेल्या १०६० सारखीच आहे. केवळ जुनेच गेम खेळायचे असतील आणि बोर्ड नाममात्र किमतीत मिळत असेल, तेवढा अपवाद. एरवी डिस्क काढून त्यातील माहिती दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या आणि नव्याची जुळणी सुरू करा. त्यात जुने कॅबिनेट व मॉनिटर खुशाल वापरा. पॉवर सप्लाय मात्र संगणकाइतकाच जुना असेल तर तो नव्या बोर्डाला जोडू नका.