‘मावशींचे काम’ की स्वतंत्र शाखा?

तुम्ही लिहिता की बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी तुमची ड्युटी अस्थिरोग आणि मेंदूविकारांच्या वॉर्डात लागली, तेथे रुग्णांची कूस बदलणे आणि चार्ट भरणे यापलीकडे फारसे काही करायला मिळाले नाही, वडिलांच्या मते ते मावशींचे काम आहे, आणि तरीही लकव्याच्या रुग्णांजवळ तुमचे मन रमते. मैत्रिणींप्रमाणे आयसीयूकडे वळावे की याच शाखेत राहावे, हा तुमचा प्रश्न आहे.

आधी कूस बदलण्याविषयी. मणक्याला इजा झालेल्या रुग्णाला वळवताना एकीने डोके धरून आकडे मोजायचे आणि बाकीच्यांनी मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून एकदमच वळवायचे असते. त्याच वेळी माकडहाड आणि टाचा पाहायच्या असतात. दाबल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. सावळ्या त्वचेवर ती चटकन दिसत नाही, म्हणून तेथे हात लावून ऊब आणि कडकपणा तपासावा लागतो. हे नजरेचे काम आहे आणि ते परिचारिकेचेच आहे.

चार्टचेही तसेच. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे गुणांत मोजणारी ग्लासगो कोमा स्केल 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडली; गुण जितके कमी, तितकी शुद्ध कमी. तिची बेरीज 3 ते 15 असते, परंतु नुसत्या बेरजेपेक्षा डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगळे लिहिणे अधिक उपयोगी ठरते. तासाभरापूर्वी 14 असलेला रुग्ण 12 वर आला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नसते.

नडगीचे हाड मोडून प्लास्टर घातलेला रुग्ण रात्री दोन वाजता इंजेक्शननंतरही कळवळत असेल आणि त्याच्या पायाची बोटे आपण हलवताच ओरडत असेल, तर पावलाची नाडी लागते म्हणून निश्चिंत होऊ नये. स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढला तरी नाडी बराच वेळ लागत राहते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. अशा वेळी पाय उशांवर उंच न करता हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. लकव्याच्या रुग्णाला गिळता येते की नाही हे तपासण्यापूर्वी नातेवाईक प्रेमाने चमच्याने चहा पाजतात. त्यांना न दुखावता थांबवणे हेही कौशल्यच आहे (आणि ते कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही).

माझे मत असे आहे की तुम्ही या शाखेचा विचार अवश्य करावा, मात्र लगेच नव्हे. पदवीनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून वर्ष-दोन वर्षे मोठ्या रुग्णालयात काम करा, शक्य झाल्यास त्यात काही महिने आयसीयूही असू द्या, कारण मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण तेथेच असतो. त्यानंतर अस्थिरोग व पुनर्वसन किंवा न्यूरोसायन्स नर्सिंग यांपैकी एका विषयात एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. डिप्लोमा झाला म्हणून पगार लगेच वाढेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. या वॉर्डात रुग्ण उचलून परिचारिकांच्याच कंबरा जातात, त्यामुळे सरकवण्याची चादर कशी वापरायची हे आतापासूनच शिकून घ्या. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेच्या त्याच अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा.