जपानी प्राचीन कला: सुरुवात कुठून करू?

झेन आणि सामुराई सध्या बाजूला ठेव, ते फार नंतरचं. आधी तीनच गोष्टी बघ: जोमोन काळातल्या दोगू (मातीच्या छोट्या मूर्ती), त्यानंतरच्या यायोई काळातल्या दोताकु (काशाच्या घंटा), आणि त्याहून नंतरच्या कोफुन काळातल्या हानिवा (थडग्यांसाठी केलेल्या मातीच्या आकृती).

हानिवात सगळेच गंडतात, चीनच्या मातीच्या सैन्यासारख्या पुरलेल्या असतील असं वाटतं, पण त्या थडग्याच्या टेकाडावर उघड्यावर उभ्या करायचे आणि आधी तर नुसती नळकांडी होती, घोडे-माणसं नंतर आली.

दोगू बहुतेक तुटलेल्याच सापडतात. लगेच 'प्रजननदेवता' म्हणून मोकळा होऊ नकोस, लेखी पुरावा शून्य आहे!

मग होर्युजी या बौद्ध मंदिरातली इ.स. ६२३ ची शाक्यमुनी त्रिमूर्ती (मध्ये बुद्ध, दोन बाजूंना बोधिसत्त्व), तिच्या प्रभावळीमागे राजपुत्र शोतोकुसाठी का घडवली ते कोरलंय. शिल्पशैलीच्या भानगडीत आत्ताच पडू नको.