म्हाताऱ्या पेशी आणि जनुकांची चाळणी

प्रश्न : मी वीज खात्यातून निवृत्त झालो असून ठाण्यात चरईत राहतो. एक जनुक बंद करून उंदरांचे आयुष्य वाढवल्याचे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ऐकले. सुमारे 20,000 जनुकांतून नेमके तेच कसे सापडले? शिवाय घोडबंदर रोडवरील ‘जनुकीय पुनर्यौवन’ शिबिराचे पत्रक हाती आले आहे. नाव नोंदवावे काय?

उत्तर : इमारतीत शॉर्ट झाला की मीटर रूममध्ये एकेक एमसीबी पाडून आपण दोष हुडकत असाल. क्रिस्पर स्क्रीनची, म्हणजे एकेक जनुक बंद करून पाहणाऱ्या चाळणीची, रीत तीच, मात्र येथे लक्षावधी पेशी एकाच वेळी वाढवतात आणि प्रत्येकीत साधारणपणे एकच, निरनिराळे जनुक बंद केलेले असते. जनुकीय लिपीतील सुमारे 20 अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए हा रेणू कॅस-9 या डीएनए कापणाऱ्या कात्रीला ठरलेल्या जनुकापाशी नेतो. त्याचा मजकूर निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पेशीच्या डीएनएत कायमचा बसवलेला असल्याने कोणत्या पेशीत काय बंद केले, हे मागाहून वाचता येते. थकलेल्या पेशींचे विभाजन थांबते. पण एखादे जनुक गेल्यामुळे जिला पुन्हा जोम आला, तिची पिल्लावळ प्रयोगशाळेतल्या बशीत पसरते आणि काही आठवड्यांनी मोजणी केली की तिचा मार्गदर्शक संख्येने उठून दिसतो.

आपण ऐकलेले जनुक बहुधा केएटी-7 असावे. अकाली वार्धक्याच्या दोन आजारांतील जनुकदोष असलेल्या मानवी पेशी चाळून चिनी संशोधकांनी ते शोधले आणि वृद्ध उंदरांच्या यकृतात ते निकामी केल्यावर त्यांचे आयुष्य वाढल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. मला स्वतःला स्टॅनफर्डचे 2024 मधील काम अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतील मूळपेशी (नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी) चाळल्यावर तीनशेहून अधिक जनुके हाती लागली, आणि त्यांपैकी एक चक्क पेशीत साखर आत घेणाऱ्या ग्लुट-4 या प्रथिनाचे निघाले.

अडचण अशी की विभाजन रोखणारी काही जनुके कर्करोगालाही आवर घालतात. त्यांतलेच पी-53 हे जनुक बंद केले तरी बशीतल्या पेशी जोमाने वाढू शकतात. बशीला कर्करोग होत नाही, माणसाला होतो. माणसाचे वार्धक्य मागे नेणारा कोणताही जनुक-संपादन उपचार आज मान्यताप्राप्त नाही. तेव्हा शिबिरात नाव नोंदवू नये. पैसे भरून बसला असाल, तर कोणते जनुक, कोणत्या अवयवात आणि कोणाच्या परवानगीने बदलणार, हे आयोजकांकडून लेखी मागावे.